कल्याणीच्या कॉम्प्युटरची पाणीपुरवठा योजना

आधीच सांगते, मी शर्मिला, अठ्ठावीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर होते. माझा आवाज चढा आहे आणि तो तसाच राहणार. ज्यांना हळू आवाजात हकिकत ऐकायची असेल त्यांनी आमच्या मिस्टरांकडे जावं. ते दिवसाला मोजून अकरा वाक्यं बोलतात आणि त्यातली सात पाण्याबद्दल असतात.

मिस्टर म्हणजे सुखदेव. चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन. पहाटे ती माणसाएवढी लोखंडी चावी सायकलला बांधायची, चौकाचौकात रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी फिरवायची आणि हडपसरला पाणी सोडायचं. नऊ वाजता परत तीच फेरी, पाणी बंद. संध्याकाळी सहाला पुन्हा हेच. मग रजिस्टर. एक पाणीपुरवठ्याच्या चौकीत आणि त्याची नक्कल घरी, कारण चौकीतल्या उंदरांवर यांचा विश्वास नव्हता. सुरू किती वाजता, बंद किती वाजता, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्यात कायम एकच शब्द: निरंक. आमची एकुलती एक कल्याणी जन्मली त्या दिवसाचं पान मी स्वतः पाहिलंय. सुरू पाच, बंद नऊ, शेरा निरंक. मी तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर होते म्हणून हा माणूस वाचला.

तर गोष्ट दोन हजार चार सालच्या मे महिन्यातली. हे जानेवारीत निवृत्त झाले होते आणि घरात काय करावं ते न कळून दिवसातून चार वेळा मोरीतल्या नळाचं वॉशर बदलत होते. कल्याणी बी.कॉम. झालेली. बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून तिनं कार्टून बनवायचा कोर्स केला होता. घरात त्यावरून जे काही व्हायचं ते झालं, म्हणजे मी बोलले आणि हे ऐकत बसले. शेवटी ठरलं की एक वर्ष द्यायचं. तेवढ्यात कार्टूनची नोकरी लागली तर ठीक, नाहीतर माझ्या भावाच्या ओळखीनं पतसंस्थेत कारकून. ते वर्ष मे अखेर संपत होतं.

आणि नेमकं त्याच महिन्यात हडपसरच्या नव्या आयटी पार्कातल्या एका कंपनीनं तिला बोलावलं. जागा एक, उमेदवार तीस. प्रत्येकाला एकच काम दिलं: विषय 'वाट पाहणे', चाळीस सेकंदांची फिल्म, सीडीवर घालून गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता हजर. पाच म्हणजे पाच. सव्वापाचला आलेल्याची सीडी बघणार नाही, असं पत्रातच लिहिलं होतं. लिहिणारा पेठेतला असणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

सोबत एक फॉर्म होता. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात कल्याणीनं लिहिलं, 'सरकारी नोकरी, निवृत्त'. मी वाचलं. यांनीही वाचलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "बरोबर आहे. महापालिका म्हणजे सरकारच." आणि मोरीत वॉशर बदलायला निघून गेले. कल्याणीनं फॉर्म पालथा ठेवला.

फिल्म मात्र पोरीनं झकास काढली होती. एका सार्वजनिक नळापुढे भांड्यांची रांग. पुढे एक ढेरपोट्या हंडा, मग नाक मुरडणारी कळशी, मग निळा प्लास्टिकचा ड्रम, आणि मधूनच घुसणारा एक टिनपाट टमरेल. नळ खोकतो, सगळे माना उंचावतात. नळ गुरगुरतो, सगळे टाचा उंचावतात. आणि शेवटच्या चार सेकंदांत धो धो पाणी येतं आणि भांडी नाचायला लागतात. माणसं एकही नाही, पण ती कळशी पाहिली आणि मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई आठवल्या.

अडचण फिल्मची नव्हतीच, कॉम्प्युटरची होती. कल्याणीनं मला समजावलं ते असं: चाळीस सेकंदांना हजार चित्रं लागतात. कॉम्प्युटर एकेक चित्र नीट रंगवून बाहेर काढतो, एका चित्राला साधारण चार मिनिटं. म्हणजे मशीन सदुसष्ट-एक तास न थांबता चाललं पाहिजे. आणि आमचं मशीन वीस मिनिटांत तापून बंद पडत होतं. वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब, मे महिना. आम्हीच वीस मिनिटांत बंद पडत होतो, त्या बिचाऱ्या डब्याचं काय!

"ताप किती आहे त्याला?" मी विचारलं.

"नव्वदच्या वर जातो, मम्मी. मग तो स्वतःच बंद होतो."

मी माझ्या पद्धतीनं उपचार सुरू केले. डब्याचं एक अंग उघडून समोर टेबलफॅन लावला. बर्फाची पिशवी वर ठेवली तर कल्याणी किंचाळली, की पाण्याचा एक थेंब आत गेला तर सगळं खलास. मी म्हटलं, अगं पेशंटला थंड पाण्याच्या घड्या ठेवतात, यात किंचाळायचं काय? तर पोरगी रडायलाच लागली.

तेव्हा मोरीच्या दारातून हे म्हणाले, "तापतंय तर पाणी सोडा."

"पप्पा, प्लीज," कल्याणी म्हणाली. "तो कॉम्प्युटर आहे, चौक नाही."

हे परत मोरीत गेले. पण तासाभरानं तीच त्यांच्याजवळ गेली. म्हणाली, बाहेरच्या देशांत लोक कॉम्प्युटर खरंच पाण्यानं गार करतात, पण ते सामान महाग असतं आणि इथे मिळत नाही. तिनं एक फोटो छापून आणला होता. त्यात तांब्याची एक डबी, तिला दोन नळ्या. डबी कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावर घट्ट बसवायची. एका नळीतून गार पाणी डबीत येतं, दुसरीतून कोमट होऊन जातं. पाणी कुठेही मशीनला शिवत नाही.

यांनी चष्मा लावला आणि पाच मिनिटं फोटो पाहिला. मग विचारलं, "यात व्हॉल्व्ह कुठंय?"

"व्हॉल्व्ह नसतो, पप्पा. पंप असतो. पाणी गोल गोल फिरत राहतं."

"बिनव्हॉल्व्हची योजना!" हे म्हणाले. "मंजूर कुणी केली?"

शप्पत सांगते, जानेवारीपासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला होता.

शनिवारी सकाळी हे आणि मी तांबट आळीत गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराला यांनी कागदावर माप काढून दिलं: दोन इंची चौकोनी डबी, तळ आरशासारखा सपाट, वर दोन तोट्या. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कशासाठी? अभिषेकाला?"

"कॉम्प्युटरला," हे म्हणाले.

"बरं," म्हातारा म्हणाला आणि ठोकायला बसला. पुण्यात एवढं एक बरं आहे, माणसाला वेडा समजले तरी काम करून देतात.

नळी कोणती, यावर आमचं भांडण झालं. मी सलाईनची नळी आणली होती. हे म्हणाले, बारीक आहे. मी म्हटलं, या नळीवर मी हजार माणसं जगवलीत. हे म्हणाले, त्यांना तासाला बादलीभर पाणी लागत नव्हतं. शेवटी गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. माझी नळी मी पिशवीत परत ठेवली, पण मनात ठेवून.

रविवारी मांजरीहून दत्तोबा आले. दत्तोबा म्हणजे यांचे तीस वर्षांचे मित्र आणि तीस वर्षांचे वैरी. ते पंप ऑपरेटर होते. पंपवाले आणि व्हॉल्व्हवाले यांचं कधी पटत नाही, हे मला लग्नानंतर आठवडाभरात कळलं होतं. टेम्पोतून त्यांनी शेतावरचा भला मोठा मातीचा रांजण आणला होता आणि सोबत कूलरचा एक छोटा पंप.

"ह्यो पंप लावा, सुखदेवराव. चकाचक काम हाय. पानी चढवतो कोन? पंप!"

"आणि अडवतो कोण?" हे म्हणाले.

"अडवायचं कशाला पन?"

यावर हे फक्त हसले, म्हणजे मिशी अर्धा इंच हलली. पंप पिशवीतच राहिला. यांची योजना अशी होती: रांजण गच्चीवर, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. नळी गच्चीवरून खिडकीतून आत, डबीतून बाहेर, खाली टेबलाशेजारच्या बादलीत. पाणी आपल्या वजनानं उतरणार, वीज नको, पंप नको. आणि गच्चीवर, रांजणाजवळ, पितळी चाकाचा एक अर्धा इंची व्हॉल्व्ह. तासाला एक बादली भरेल. ती उचलून परत रांजणात ओतायची.

"ओतायची कुणी?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे कुणी ते मला कळलं.

डबी बसवायला चार स्क्रू लागले आणि ती हलू नये म्हणून माझं एक क्रेप बँडेज. दत्तोबांनी नळीचं एक टोक तोंडात धरून पाणी ओढलं, पण मध्येच हवेचा बुडबुडा अडकला आणि पाणी ठप्प. दोघं तज्ज्ञ नळीकडे बघत उभे. एक म्हणतोय उतार कमी, दुसरा म्हणतोय पंप पायजे हुता. मी दोघांना बाजूला सारलं आणि नळीवर दोन टिचक्या मारल्या. बुडबुडा सुटला, पाणी धावलं. "सलाईन म्हणतात याला," मी म्हटलं.

सोमवारी दुपारी तीन वाजता मशीन सुरू केलं. यांनी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडला. आम्ही सगळे पडद्यावरच्या आकड्याकडे डोळे लावून बसलो. अडतीस. चाळीस. बेचाळीस. आणि बेचाळीसवर थांबला! माणूस असता तर मी नातेवाइकांना बोलावून घेतलं असतं, पण कल्याणी टाळ्या पिटायला लागली. तिनं यांच्या गळ्यात हात टाकले. हे अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "प्रेशर बरं आहे."

मग सुरू झाली ड्यूटी. मी दवाखान्यासारखा चार्ट करून डब्यावर चिकटवला: वेळ, ताप, लघवी किती. म्हणजे बादली. कल्याणीनं तो शब्द खोडला. यांनी दोनशे पानी नवं रजिस्टर काढलं आणि रकाने आखले. पाळीपाळीनं एकजण जागा, एकजण बादली वर नेणार, एकजण झोपणार. मंगळवार गेला. बुधवार गेला. माझे गुडघे गेले. पण मशीन एकदाही बंद पडलं नाही. एकामागून एक चित्र बाहेर येत होतं, हंडा ढेकर देत होता, टमरेल घुसत होतं.

बुधवारी रात्री उशिरा कल्याणी म्हणाली, "आता फक्त शेवटची शंभर चित्रं. पण ती पाण्याची. पाण्याचं गणित मशीनला सगळ्यात जड जातं, मम्मी. थेंब न थेंब मोजावा लागतो. उद्या दुपारी तीनपर्यंत होईल."

"पाणी द्यायला वेळ लागतोच," हे म्हणाले, आणि त्या दिवसाचं अकरावं वाक्य संपवून झोपायला गेले.

गुरुवार उजाडला. सकाळी सहापर्यंत कल्याणी जागी होती, मग मी तिला दटावून आतल्या खोलीत झोपवलं, बारा वाजता उठवते म्हणून. पावणेनऊला मी कोरी सीडी आणि भाजी आणायला गाडीतळाच्या बाजारात निघाले. दुकानं उघडायला अवकाश होता, पण भाजी ताजी तेव्हाच मिळते. हे खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. मी बजावलं, "अहो, तासाभरानं बादली. विसरू नका."

"चौतीस वर्षांत एकदा तरी विसरलो का?" हे म्हणाले. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सीडीवाल्यानं अकराला दुकान उघडलं. मी साडेअकराला जिना चढले आणि दारातच थबकले. घर शांत होतं. तीन दिवस त्या डब्याची घरघर चोवीस तास कानात होती आणि आता काहीच नाही. पडदा काळा. आणि आमचे मिस्टर खुर्चीत डोकं मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, ज्याला गाढ म्हणतात तशी झोप घेत होते.

"अहो!" मी ओरडले. खालच्या मजल्यावरच्या बाईसुद्धा बाहेर आल्या. कल्याणी धावत आली. मशीन चालू केलं, पाच मिनिटांत ताप नव्वद, परत बंद. नळीत पाणी होतं पण हलत नव्हतं. मी टिचक्या मारल्या, काही होईना. हे गच्चीवर धावले आणि वरून त्यांची आरोळी आली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी या माणसाची आरोळी पहिल्यांदा ऐकली.

"व्हॉल्व्ह बंद केलाय कुणीतरी!"

आम्ही वर गेलो. व्हॉल्व्ह खरंच बंद होता. नुसता बंद नाही, घट्ट बंद. आणि नेमके त्याच वेळी दत्तोबा भाकरी-पिठलं घेऊन जिना चढत होते. बिचारा माणूस पोरीला शुभेच्छा द्यायला आलेला.

"तूच!" हे त्यांच्या अंगावर गेले. "पंप लावला नाही म्हणून! तीस वर्षं डोळ्यात खुपतोय माझा व्हॉल्व्ह तुझ्या!"

"आरं, मी आत्ता येतुया! रिक्षावाल्याला इचार!"

"पंपवाल्यांची जात मी ओळखतो!"

"वहिनी, ह्यांना ऊन लागलंय का काय?"

मी या भांडणात पडले नाही. अठ्ठावीस वर्षांत एक गोष्ट शिकले, की पेशंटला काय झालं हे आधी चार्टवर बघावं, मग नातेवाइकांना विचारावं. मी खाली गेले. माझ्या चार्टवर पावणेनऊनंतर काही नव्हतं. यांचं रजिस्टर पेपराखाली होतं. मी ते उघडलं, वाचलं, आणि गच्चीवर नेऊन यांच्या नाकासमोर धरलं.

यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ९.०० – बंद. शेरा: गुरुवार.

आणि रजिस्टरवर पडलेल्या त्या पेपरात चौकट होती, की दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद राहील.

म्हणजे झालं होतं असं: यांनी पेपरात चौकट वाचली. घड्याळात नऊ वाजले. चौतीस वर्षांचा हात उठला, पाय जिना चढले, व्हॉल्व्ह बंद झाला, रजिस्टर लिहून झालं, आणि पहाटेची ड्यूटी संपली की सव्वानऊला झोपायचं, तेही झालं. डोकं या सगळ्यात कुठे नव्हतंच. जित्याची खोड म्हणतात ती हीच. आणि वर चोराच्या उलट्या बोंबा!

दत्तोबांनी रजिस्टर वाचलं. पंपवाल्याला तीस वर्षांत मिळाली नव्हती अशी संधी होती, पण यांचा चेहरा बघून ते म्हणाले, "जाऊ द्या. मी बी पंपघरात हुतो तवा सपनात बटन दाबायचो." आणि पिठल्याचा डबा कठड्यावर ठेवून दिला.

हे रांजणाशेजारी खाली बसले.

खाली कल्याणीनं मशीन तपासलं. नऊशे चित्रं शाबूत होती. पण पाण्याचं गणित ज्या फाईलमध्ये लिहिलं जात होतं ती अर्धवट तुटली होती. सगळं पाणी पहिल्यापासून मोजावं लागणार होतं. बारा तास तरी. आणि घड्याळात बारा वाजले होते.

"संपलं," ती म्हणाली. "नळ खोकतो, गुरगुरतो आणि पाणी येतच नाही. अशी फिल्म दाखवू का मी? पतसंस्थेतच जाते." आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. एरवी मी तिला दहा वेळा पतसंस्था ऐकवली असेल, पण तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि त्या पतसंस्थेला आग लावावीशी वाटली.

तिचे डोळे पुसायला काही दिसेना म्हणून मी हातातलं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि पदर पुढे केला. तिनं डोळे पुसले. तिची नजर पानावर गेली. तिनं परत वाचलं. मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं उचकी. तर हसत होती!

"मम्मी," ती म्हणाली, "पाणी येतच नाही... कारण गुरुवार आहे."

ती उठली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत गच्चीवर गेली. मी गुडघे धरत मागून. हे अजून रांजणाला टेकून बसले होते.

"पप्पा, तुम्ही चौकात पाटी लावायचा ना, पाणी बंदची? तुमच्या हातानं लिहिलेली?"

यांनी मान हलवली. वर बघितलं नाही.

"तशीच्या तशी लिहून द्या. आत्ता."

"चुन्यानं लिहायचो," हे म्हणाले.

"दत्तोबाकाका, चुना!"

दत्तोबांनी खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली. आमच्या मोरीचं जुनं फळकूट सापडलं. यांनी बोटानं एकेक अक्षर घोटून लिहिलं: आज गुरुवार. पाणी येणार नाही. चौकशी करू नये.

"शेवटचं वाक्य कशाला?" मी विचारलं.

"लोक चौकशी करतात," हे म्हणाले.

कल्याणीनं ते फळकूट कोपऱ्यावरच्या स्टुडिओत नेऊन फोटो काढून आणला. मग दोन तास काहीतरी खटपट केली. फिल्मच्या शेवटी आता असं होतं: नळ खोकतो, गुरगुरतो, थरथरतो. सगळी भांडी टाचा उंचावून श्वास रोखतात. आणि नळाच्या तोंडातून पाण्याऐवजी टपकन ती पाटी बाहेर लोंबते. बस. खलास. मशीन तापलं नाही, गच्चीवर दत्तोबा व्हॉल्व्हजवळ पहारा देत होते आणि यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही.

साडेचारला आम्ही रिक्षात बसलो. मी बरोबर गेले, कारण मी बरोबर जाणारच. हे आले नाहीत. "मी नको. मी आलो की काहीतरी बंद पडेल," म्हणाले.

पाचला दोन मिनिटं कमी असताना कल्याणी आत गेली. मी बाहेर गार हवेत बसले. एसी इतका, की तिथे कॉम्प्युटरला रांजणाची गरजच नव्हती. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आतून कुणीतरी हसलं. मग तीन-चार जण हसले. मग कुणीतरी खुर्ची मागे ढकलून ठसका लागल्यासारखं हसलं. मला वाटलं आत जाऊन पाठ चोळावी.

कल्याणी बाहेर आली ती काही बोलेचना. रिक्षातही नाही. घरी आलो आणि ती थेट गच्चीवर. हे रांजणापाशीच होते. दत्तोबा निघून गेले होते, व्हॉल्व्ह बंद करून यांना परत ड्यूटीवर लावून.

"बघितली?" यांनी विचारलं.

"बघितली." ती कठड्याला टेकली. "तिथले आमोद सर म्हणून आहेत, नारायण पेठेतले. सगळ्यांच्या फिल्म दगडासारखं तोंड करून बघत होते म्हणे. पाटी आली आणि त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, अक्षर कुणाचं? हे नक्कल करून येत नाही."

"मग?"

"मी सांगितलं, माझ्या वडिलांचं. ते चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते." ती त्यांच्याशेजारी बसली. "फॉर्म परत मागून घेतला, पप्पा. तिथंही तेच लिहिलं."

यांनी रांजणावरचं गोणपाट उगाच सारखं केलं.

"पण पाणी काही आलं नाही तुझ्या फिल्ममध्ये," हे म्हणाले. "माझ्यामुळं."

"ते म्हणाले, पाण्याचा भाग इथे येऊन कर. आमच्या मशीनवर. सोमवारपासून."

हे गप्प. कल्याणीही गप्प. मीसुद्धा गप्प होते, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मग यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सहा वाजले होते. हे उठले आणि व्हॉल्व्हचं चाक पूर्ण फिरवलं.

"अहो, मशीन बंद आहे!"

"संध्याकाळच्या पाण्याची वेळ आहे," हे म्हणाले, आणि रजिस्टर मांडीवर घेऊन लिहायला बसले. सुरू, ६.००. मग पेन शेऱ्याच्या रकान्यावर आलं आणि तिथेच राहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मला वाटलं आता 'निरंक' लिहितो आणि मग मी याला याच रांजणात बुडवते. त्यांनी लिहिलं: कल्याणीला नोकरी लागली.

एवढुसा रकाना. अक्षरं बाहेर जात होती. मला रडू आलं, कल्याणीला आलं, आणि हे सूर्याकडे तोंड करून मिशी पुसत होते, ऊन डोळ्यात जातं म्हणाले. ऊन केव्हाच समोरच्या इमारतीमागे गेलं होतं.

अर्ध्या तासानं आम्ही खाली आलो आणि पुढच्या खोलीत चपला तरंगत होत्या. टेबलाशेजारची बादली जागेवर नव्हती. रिक्षासाठी निघण्याआधी मीच ती कपडे भिजवायला मोरीत नेली होती, हे मला तेव्हा आठवलं. कल्याणी फडकं आणायला धावली. यांनी नळीकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत गच्चीवर गेले.

मी नंतर जाऊन वाचलं. त्याच शेऱ्याखाली बारीक अक्षरात भर होती: गळती किरकोळ. जबाबदार: शर्मिला. ते पान मी अजून फाडलेलं नाही.